शेवटची बोटभर फट
इंजिनाला गिअरबॉक्स जोडताना बोल्टनं ओढू नये, ते का?

मिक्सरचं भांडं मोटरवर ठेवलं की कधी कधी ते पूर्ण बसत नाही. थोडं वर राहतं, डुगडुगतं. अशा वेळी घरातलं कोणी त्या भांड्यावर बुक्की मारत नाही. हातानं ते किंचित फिरवायचं, की ‘टक्’ आवाज होऊन भांडं आपसूक खाली उतरतं. खालच्या आणि वरच्या चकतीचे दाते एकमेकांच्या डोक्यावर आलेले असतात. जरा फिरवलं की दात्याला खाच सापडते. गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स पुन्हा जोडताना गॅरेजमध्ये हेच कोडं समोर येतं. फरक एवढाच, की इथलं भांडं लहान गाडीतसुद्धा तीसेक किलोचं असतं, ते आडवं बसवायचं असतं, आणि बसवणारा बहुधा गाडीखाली पाठीवर झोपलेला असतो. गिअरबॉक्स जॅकवर तोलत, सरकवत इंजिनाजवळ येतो आणि शेवटची बोटभर फट ठेवून अडतो. पुढे काही केल्या जात नाही.

मोह होतो तो इथेच. दोन्हींच्या कडांना बोल्टची भोकं आहेत, लांब बोल्ट हाताशी आहेत. चार बोल्ट लावून पान्यानं आवळले की फट मिटेल, हा हिशेब वरवर बिनचूक वाटतो, आणि फट मिटतेही. पण इंजिन आणि गिअरबॉक्स जोडण्याचं काम बोल्टचं नाहीच. जोडणी आधी व्हावी लागते. झालेली जोडणी धरून ठेवणं एवढंच बोल्टनं करायचं. ती शेवटची फट म्हणजे आत काहीतरी जुळलेलं नाही याची वर्दी असते, आणि बोल्ट आवळून आपण त्या वर्दी देणाऱ्याचंच तोंड दाबतो.

कोण कशात शिरतं

आधी आतली रचना पाहू. पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरण्यात बदलणारा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. त्याच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड, सपाट तबकडी असते. तिच्यावर क्लच प्लेट टेकते आणि वरून प्रेशर प्लेट तिला दाबून धरते, दोन पाटांमध्ये पापडाची लाटी दाबावी तशी. क्लच प्लेटच्या मधोमध भोक असतं आणि त्याच्या आतल्या कडेला बारीक दाते. गिअरबॉक्सच्या तोंडातून पुढे आलेल्या शाफ्टवरही तसेच दाते लांबीच्या दिशेनं कोरलेले असतात. या दात्यांना स्प्लाइन म्हणतात. शाफ्ट प्लेटच्या भोकात सरळ शिरला, दात्यात दाता बसला, की इंजिनाचं फिरणं गिअरबॉक्सला मिळायची सोय झाली.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत, मग ती कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी असो की जीप, आणखी एक पायरी असते. शाफ्टचं निमुळतं टोक प्लेटमधून पलीकडे जाऊन क्रँकशाफ्टच्या टोकातल्या एका छोट्या बुशात किंवा बेअरिंगमध्ये टेकतं. त्याला पायलट बुश म्हणतात. मारुती 800 नंतर आपल्याकडे जी मांडणी रुळली, म्हणजे इंजिन आडवं, त्याच्या बाजूला गिअरबॉक्स आणि पुढची चाकं फिरवायची, तीत हा बुश बहुधा नसतो. शाफ्ट गिअरबॉक्सच्या आतल्या बेअरिंगवरच पुरेसा टेकलेला असतो. इंजिन, मागे क्लच, त्यामागे गिअरबॉक्स ही ओळ फ्रान्सच्या पानार-लव्हासोर कंपनीनं 1891 साली रूढ केली. 1959 च्या ब्रिटिश मिनीनं गिअरबॉक्स चक्क इंजिनाच्या पोटाखाली, तेलाच्या टाकीत घातला आणि दोघांना एकच तेल दिलं. ही कल्पना चतुर होती, पण जगानं उचलली ती 1964 च्या इटालियन ऑटोबियांकी प्रिमुलाची मांडणी, जीत आडव्या इंजिनाच्या टोकाला गिअरबॉक्स असतो. मांडणी कोणतीही असो, शाफ्ट भोकात सरळ शिरण्याची अट सुटत नाही.

आता अडचण कुठे येते ते पाहा. गाडी चालवताना पेडल दाबलं की प्रेशर प्लेट उचलली जाते आणि क्लच प्लेट मोकळी होते. पण गिअरबॉक्स उतरवलेला असताना पेडलाचा क्लचशी काही संबंध उरत नाही. प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळताना प्लेट स्वतःच्या वजनानं दोन-तीन मिलिमीटर खाली लोंबली असेल, तर ती तशीच घट्ट पकडली जाते. मग तिचं भोक एका रेषेत आणि पायलट बुशाचं भोक दुसऱ्या. जुनं दार बिजागरीतून उतरलं की कडी कोयंड्यात बसत नाही, तेव्हा कडीवर हातोडा चालवत नाहीत. दार जरा वर उचलतात. क्लचच्या बाबतीत हे उचलणं आधीच करायचं असतं. प्लेटच्या भोकातून एक नकली शाफ्ट घालून, त्याचं टोक बुशात टेकवून, मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे असे थोडे थोडे आवळत न्यायचे. गॅरेजात याला सेंटरिंग म्हणतात. नकली शाफ्ट प्लॅस्टिकचा मिळतो. पुष्कळ मिस्त्री भंगारातल्या गिअरबॉक्सचा शाफ्ट यासाठी जपून ठेवतात, आणि तो प्लॅस्टिकपेक्षा बरा, कारण तो लवत नाही.

फट वाचायला शिकणं

गिअरबॉक्स कुठे अडला यावरून तो का अडला हे पुष्कळदा सांगता येतं. फट चांगली रुंद, मूठभर असेल, तर शाफ्टचे दाते अजून प्लेटच्या दात्यांवर आपटत आहेत, शिरलेलेच नाहीत. हा मिक्सरच्या भांड्याचा प्रकार. दात्यांची संख्या 20 धरली, तर एका दात्यापासून दुसऱ्यापर्यंत 18 अंश होतात. म्हणजे शाफ्ट फार तर 18 अंश फिरवला की खाच सापडायलाच हवी. तो फिरवायचा कसा? गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये असेल तर मागचं टोक कितीही फिरवा, पुढचा शाफ्ट हलणार नाही. म्हणून गिअर टाकून ठेवायचा, शक्यतो वरचा. मग मागचं टोक हातानं जरासं फिरवलं की पुढचा शाफ्टही फिरतो. नाहीतर इंजिनाच्या पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून क्रँकच हळूच फिरवायचा, इंजिन ज्या दिशेनं फिरतं त्याच दिशेनं.

फट बोटभर उरली, गिअरबॉक्सचं मागचं टोक फिरवलं की क्लचसकट सगळं फिरतंय, पण पुढे काही सरकत नाही, असं झालं तर दाते शिरलेले आहेत आणि टोकाला बुश सापडत नाही. इथे संशय सेंटरिंगवर किंवा कलावर. कलाचा दोष ओळखायला सोपा. फट वर जास्त आणि खाली कमी दिसते, किंवा उलट. गिअरबॉक्स काढला की त्याच्या बाजूचा माउंटिंगचा आधारही जातो आणि इंजिन त्या अंगाला झुकतं, म्हणजे इंजिनाचं तोंड आता उभं राहिलेलं नसतं. मिस्त्री मात्र गिअरबॉक्स जमिनीला समांतर धरून ढकलत असतो. पावसाळ्यात फुगलेला कपाटाचा खण एका कोपऱ्यातून ढकलला की तिरका होऊन अडकतो आणि जितकं ढकलावं तितका घट्ट होतो. इथेही तसंच. उपाय दोन. इंजिनाखाली, मध्ये लाकडी ठोकळा घालून, दुसरा जॅक लावायचा आणि इंजिन पूर्वीच्या कलावर आणायचं, किंवा गिअरबॉक्सलाच तेवढा कल द्यायचा.

चौकट : फट काय सांगते
(माप गाडीगणिक बदलतं, क्रम बहुधा हाच असतो.)
मूठभर फट : दाते जुळलेले नाहीत. फिरवा.
बोटभर, सगळीकडे सारखी : टोकाला बुश सापडत नाही. सेंटरिंग पुन्हा तपासा.
वर-खाली कमीजास्त : कल चुकला आहे. जॅक हलवा.
दोन-तीन मिलिमीटर : डॉवेल पिना (गिअरबॉक्सची जागा ठरवणाऱ्या) तोंडाशी आहेत, किंवा मध्ये वायर नाहीतर पत्रा अडकला आहे. टॉर्च लावून बघा.

बोल्टच्या अंगातला जोर

बोल्ट आवळणाऱ्याला आपण किती जोर लावतोय याचा अंदाज नसतो, आणि यात त्याची चूक नाही, कारण हाताला तो जाणवतच नाही. चौदाचा किंवा सतराचा पाना लागणारा, 10 मिलिमीटर जाडीचा साधा बोल्ट घ्या. 40 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला 10 किलोचा दाब दिला, म्हणजे भरलेली बाजाराची पिशवी उचलण्याएवढा, तर आवळण्याचा जोर सुमारे 40 न्यूटन-मीटर होतो. घर्षणात जाणारा भाग वजा करूनही बोल्टच्या लांबीच्या दिशेनं ओढ निर्माण होते ती सुमारे 2 टनांची, म्हणजे जवळजवळ तीन मारुती 800 एका बोल्टला टांगल्यासारखी. आट्यांची करामतच ही आहे, गोल फिरण्याचा थोडा जोर सरळ ओढीच्या प्रचंड जोरात बदलण्याची. दोन्ही तोंडं एकमेकांना चिकटलेली असतील तर ही ओढ उपकारक आहे, ती जोड पक्की धरते. पण मध्ये फट असेल, तर ते 2 टन जातात कुठे? आत जे अडलेलं आहे त्यावर, म्हणजे शाफ्टच्या टोकावर, क्लच प्लेटच्या मधल्या भागावर, बुशावर. आणि बाहेर गिअरबॉक्सच्या त्या कानावर, ज्यातून बोल्ट गेलेला आहे. हा कान बहुधा ओतीव ॲल्युमिनियमचा असतो. लोखंडी पट्टी वाकेल, ओतीव ॲल्युमिनियम वाकायचं नाव घेत नाही, सरळ तडकतं. एका कानाच्या तुटण्यानं अख्खं हाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचं बाहेरचं कवच, बदलायची वेळ येते.

क्लच प्लेटचं दुखणं त्याहून छुपं. ती पातळ पत्र्याची असते. शाफ्ट अर्धवट शिरलेला असताना चहा प्यायला गिअरबॉक्स तसाच लोंबत सोडला, तरी त्याचं सगळं वजन शाफ्टमार्गे प्लेटच्या मध्यावर येतं आणि ती किंचित मुरडते. पेडल दाबल्यावर प्लेट आणि फ्लायव्हील यांच्यात सुटणारी जागा मिलिमीटरच्या काही अंशांचीच असते. मुरडलेली प्लेट तेवढ्या जागेत मोकळी होत नाही, घासत राहते, आणि रिव्हर्स टाकताना गिअर कर्रकन ओरडतो. मालकाला वाटतं प्लेट डुप्लिकेट निघाली. ती चांगलीच होती, बसवताना बिघडली.

दोन लहान पिना

मग गिअरबॉक्स नेमका मध्यावर कोण आणतं? बोल्ट नव्हेत. 10 मिलिमीटरच्या बोल्टसाठी भोक साधारण 11 मिलिमीटरचं ठेवतात, नाहीतर बोल्ट घालणंच कठीण होईल. म्हणजे गिअरबॉक्सला अर्धा मिलिमीटर इकडे, अर्धा तिकडे सरकायला वाव आहे. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. अमेरिकेत शर्यतीच्या गाड्या बांधणारे फ्लायव्हीलवर डायल गेज लावून हाउसिंगचं मधलं भोक तपासतात. एका फेऱ्यात काटा 0.13 मिलिमीटरहून जास्त हलता कामा नये, असा त्यांचा दंडक आहे. लिहायच्या कागदाची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर असते, त्यावरून कल्पना करा. केंद्र अर्धा मिलिमीटर सरकलं तर हाच काटा पूर्ण एक मिलिमीटर हलेल, मर्यादेच्या सातपटीहून जास्त.

हा अचूकपणा येतो डॉवेल पिनांमधून. इंजिनाच्या तोंडावर समोरासमोर दोन छोट्या, करंगळीच्या पेराएवढ्या, घट्ट बसणाऱ्या पिना किंवा नळ्या असतात. गिअरबॉक्समधली त्यांची भोकं अगदी मापाची. या दोन पिना जागा ठरवतात आणि उरलेले सगळे बोल्ट ती जागा धरून ठेवतात. इंजिन ओव्हरहॉलला जातं, ब्लॉक मशीनवर चढतो, तेव्हा पिना काढल्या जातात आणि कधी कधी डब्यातच राहतात. पिना नसल्या तर गिअरबॉक्स उलट जास्त सहज चढतो, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर तासाला 1 लाख 80 हजार फेरे होतात. केंद्र चुकलेलं असेल तर प्रत्येक फेऱ्यात शाफ्ट प्लेटच्या दात्यांत एकदा घासतो. आधी दाते झिजतात, मग पुढचं बेअरिंग किंवा बुश आवाज करू लागतो.

‘पण आम्ही नेहमी बोल्टनंच ओढतो’

अनुभवी मिस्त्री यावर हसतील. शेवटचं थोडं अंतर बोल्टनं ओढून घेतात, वर्षानुवर्षं घेतात, आणि गाड्या चालतात. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण त्यात अर्धं सत्य आहे. डॉवेल घट्ट असतात. गिअरबॉक्स त्यांच्या तोंडाशी आला की शेवटचे दोन-तीन मिलिमीटर नुसत्या हातानं पार होत नाहीत, तिथे बोल्टची मदत घ्यावीच लागते. प्रश्न बोल्ट वापरावेत की नाहीत हा नाही. ते कधी वापरायचे हा आहे. फट सगळीकडून सारखी आहे, बोल्ट निम्म्याहून जास्त बोटांनीच आत जातायत, आणि क्रँक पान्यानं मोकळा फिरतोय, या तिन्ही गोष्टी जुळल्या की समोरासमोरचे बोल्ट पाव-पाव फेरा आवळावेत. पान्याला एकदम जड लागलं की थांबून परत सोडावेत. अनुभवी हात हेच करतो, फक्त त्याला ते सांगता येत नाही. त्याच्याकडे पाहून शिकणाऱ्या पोराला दिसतो तो आवळणारा पाना. आवळण्याआधी बोटांनी केलेली चाचपणी त्याला दिसत नाही.

‘गाड्या चालतात’ हा पुरावाही जरा तपासून घ्यावा. मुरडलेली प्लेट किंवा खाल्लेले दाते गॅरेजच्या दारात दिसत नाहीत, हजारो किलोमीटरनंतर दिसतात. तोवर गाडी दुसऱ्या गॅरेजात गेलेली असते. चूक आणि तिचा परिणाम यांच्यात इतकं अंतर पडलं की चूक करणाऱ्यापर्यंत तिची बातमी पोचत नाही.

दुसरा आक्षेप सोयीचा. रस्त्याकडेच्या गॅरेजात लिफ्ट नसते, गिअरबॉक्सचा खास जॅक नसतो. मान्य, पण इथे लागणारं हत्यार जवळजवळ फुकट आहे. दोन लांब बोल्ट घ्यायचे, त्यांची डोकी कापायची, टोकाला हॅक्सॉनं एक चीर पाडायची, आणि ते इंजिनाच्या वरच्या दोन भोकांत पिळून ठेवायचे. गिअरबॉक्स त्या दोन दांड्यांवरून रुळावरच्या डब्यासारखा सरळ सरकतो. त्याचं वजन दांड्यांवर राहतं, प्लेटवर येत नाही. काम झालं की चिरेत स्क्रूड्रायव्हर घालून दांडे काढून घ्यायचे आणि खरे बोल्ट लावायचे. गाडीखाली मात्र घोड्या, म्हणजे वजन पेलणारे पक्के आधार, हव्यातच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली झोपण्याला कुठलीही सबब चालत नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही बाहेर असतील तर माझं मत सरळ आहे. जोडणी जमिनीवर करावी आणि जोड चेन-पुलीनं एकत्र गाडीत सोडावी. जमिनीवर चारी बाजूंनी फट दिसते आणि क्रँकला पाना लावता येतो. वजन वाढतं, मागच्या चाकांच्या गाडीत लांबलचक जोड तिरपी करून आत घालावी लागते, हे खरं. तरीही बाहेरची गैरसोय डोळ्यांना दिसते, आतली चूक दिसत नाही.

ऑटोमॅटिकचे तीन टप्पे

ऑटोमॅटिक गाडीत हाच नियम आणखी कडक होतो. तिथे क्लच प्लेटच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो, तेलानं भरलेला, मोठ्या पुरणपोळीच्या डब्यासारखा गोल. तो आधी गिअरबॉक्समध्ये बसवायचा असतो आणि तो एका दमात बसत नाही. आत एकावर एक तीन जोड असतात. गिअरबॉक्सच्या मुख्य शाफ्टचे दाते, त्याभोवतीच्या स्थिर नळीचे दाते, आणि शेवटी तेलपंपाच्या खाचा. कन्व्हर्टर फिरवत, हलके दाबत गेलं की तो टप्प्याटप्प्यानं खाली उतरतो. फसगत होते ती तिसऱ्या टप्प्यावर. दोन टप्पे पार झालेला कन्व्हर्टर बसल्यासारखाच दिसतो. तसाच गिअरबॉक्स इंजिनाला लावून बोल्ट आवळले, की सगळा दाब पंपाच्या गिअरवर आणि दुसऱ्या बाजूनं क्रँकशाफ्टवर येतो. पंप फुटतो, आणि तो बदलायचा तर गिअरबॉक्स पुन्हा खाली.

म्हणून इथली परीक्षा मिस्त्रींनी पाठच करावी अशी आहे. दोन्ही तोंडं पूर्ण टेकली, तरी कन्व्हर्टर हातानं मोकळा फिरला पाहिजे आणि समोरच्या, इंजिनाच्या टोकावरच्या चकतीपासून थोडा मागे राहिला पाहिजे. पुष्कळ अमेरिकन गाड्यांत हे अंतर आपल्या सुतारी मापात एक ते दीड सूत, म्हणजे 3 ते 5 मिलिमीटर असतं. नंतर कन्व्हर्टर तेवढा पुढे ओढून चकतीला बोल्ट लावतात. अंतर शून्य असेल तर कन्व्हर्टर बसलेला नाही, असं समजून थांबायचं. आपल्याकडे 2014 च्या सेलेरिओपासून पसरलेल्या एएमटी गाड्या मात्र या प्रकारात मोडत नाहीत. त्यांना क्लचचं पेडल नसलं तरी आत साधीच क्लच प्लेट असते, तेव्हा सेंटरिंग आणि डॉवेलचे सगळे नियम त्यांना जसेच्या तसे लागू.

जोड बंद करण्याआधीच्या दोन-तीन बारीक गोष्टी राहिल्या. क्लच प्लेटची फ्लायव्हीलकडची बाजू तिच्यावर लिहिलेली असते, ती उलटी घालू नये. शाफ्टच्या दात्यांना ग्रीसचा नुसता हात फिरवायचा. जास्त झालं तर ते उडून प्लेटवर जातं आणि क्लच घसरतो. आणि जोडल्या जोडल्या, वायरी आणि सेल्फ लावायच्या आधी, क्लचचा फोर्क (पेडलाचा दाब क्लचला पोचवणारा दांडा) हातानं हलवून बघायचा. ढकलताना तो जागेवरून निसटला असेल तर आत्ता अर्ध्या तासाचं काम आहे, नंतर अख्ख्या दिवसाचं.

क्लचचं काम करून घेताना गाडीमालकाला गाडीखाली शिरायची गरज नाही. गिअरबॉक्स खाली असतानाच एकदा गॅरेजवर चक्कर मारा आणि मिस्त्रींना एवढंच विचारा, ‘डॉवेलच्या दोन्ही पिना जागेवर आहेत ना?’